सांदवाडीतील काकडी आणि ताटी पद्धत : भंडारा जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

लहान जागेत काकडीचा वेल आधारावर चढवून वाढविण्याची पद्धत प्रामुख्याने जागेची बचत करणारी म्हणून ओळखली जाते. प्रस्तुत लेखात या पद्धतीचा विचार भंडारा जिल्ह्यातील पावसाळा, माती आणि घरामागील सांदवाडी यांच्या संदर्भात केला आहे. वैनगंगेच्या वाळूत जमिनीवर पसरून उत्तम येणारी काकडी पावसाळ्यात सांदवाडीच्या चिकण मातीत का सडते आणि तिला आधार दिल्याने नेमके काय साधते, हे वनस्पतीची रचना, रोगांचे स्वरूप, सूर्यप्रकाशाची दिशा व वाऱ्याचा दाब यांच्या आधारे स्पष्ट केले आहे. आधार हा जागेपेक्षाही ओलाव्याच्या प्रश्नावरील उपाय आहे. मात्र परागीभवन, पाणी व फळमाशी हे प्रश्न त्याने आपोआप सुटत नाहीत, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : काकडी, सांदवाडी, ताटी पद्धत, प्रतान, केवडा, परागीभवन, परसबाग.

प्रस्तावना

भंडारा जिल्हा हा धानाचा आणि तलावांचा जिल्हा म्हणून सर्वपरिचित आहे. १९९९ मध्ये गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यानंतर भंडारा, तुमसर, मोहाडी, साकोली, लाखनी, लाखांदूर व पवनी हे सात तालुके या जिल्ह्यात राहिले. वर्षाला सरासरी सुमारे १३०० मिलिमीटर पाऊस येथे पडतो आणि त्याचा फार मोठा भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. या काळात शेतातील बांध्या धानासाठी पाण्याने भरलेल्या असतात. पाणी धरून ठेवणे हेच बांधीचे काम असल्याने पावसाळ्यात तेथे भाजीपाला होत नाही. साहजिकच ज्या कुटुंबाची सर्व जमीन धानाखाली आहे, त्या कुटुंबाला पावसाळ्यातील भाजीसाठी दोनच मार्ग उरतात. एक म्हणजे आठवडी बाजार आणि दुसरा म्हणजे घरामागील सांदवाडी.

सांदवाडी म्हणजे घरालगतची कुंपण घातलेली छोटी वाडी. तिच्यात दोडका, वाल, कोहळे, भेंडी, वांगी, मिरची आणि काकडी एकत्र नांदतात. तिची देखभाल बहुधा घरातील स्त्रिया करतात आणि तिच्यातील उत्पन्नाची नोंद कोणत्याही पीक-अहवालात होत नाही. तरीही पावसाळ्यात घरच्या ताटात पडणारी ताजी भाजी मुख्यतः याच तुकड्यातून येते. कुटुंबे विभक्त झाली, घरे वाढली, अंगणे आक्रसली, तसा हा तुकडाही लहान होत गेला. पूर्वी कोहळ्याचा किंवा दोडक्याचा वेल कवेलूच्या छपरावर सोडून देता येत असे. सिमेंटच्या घरांनी ती सोय काढून घेतली. अशा स्थितीत, वेल कोठे आणि कसा वाढवावा हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटला तरी कुटुंबाच्या आहाराशी त्याचा थेट संबंध आहे. महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीने तो आणखी एका कारणाने महत्त्वाचा ठरतो. वनस्पतिशास्त्र, भौतिकशास्त्र, भूगोल आणि गृहविज्ञान या चारही विषयांची सूत्रे या एका वेलीत एकत्र आलेली दिसतात.

एकाच वनस्पतीच्या दोन वस्त्या

काकडीचे शास्त्रीय नाव क्युक्युमिस सॅटायव्हस असून ती कुकुर्बिटेसी कुळातील वनस्पती आहे. हिमालयाच्या पायथ्याशी तिचा हार्डविकी हा कडू फळांचा रानटी प्रकार आजही आढळतो. भारतीय उपखंड हेच तिचे मूळ स्थान मानले जाते. २००९ मध्ये तिच्या संपूर्ण जनुकसंचाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. खरबुजात गुणसूत्रांच्या १२ जोड्या असतात, तर काकडीत केवळ ७. त्यामुळे एकाच प्रजातिनामाखाली असूनही या दोघींचा संकर सहजासहजी होत नाही.

भंडारा जिल्ह्यात या वनस्पतीच्या दोन स्वतंत्र वस्त्या दिसतात. पहिली वैनगंगेच्या पात्रात. पावसाळा संपून पाणी ओसरले की उघड्या पडलेल्या वाळूत खड्डे किंवा चर खणून, ओलाव्याच्या थरापाशी शेणखत घालून टरबूज, डांगर आणि काकडी लावण्याची रीत नदीकाठच्या, विशेषतः मासेमारीवर जगणाऱ्या कुटुंबांनी दीर्घकाळ सांभाळली. डांगरवाडी या नावाने ती ओळखली जाते. येथे वेलाला कोणताही आधार नसतो. तो वाळूवर मोकळा पसरतो आणि तरीही फळ निरोगी राहते. दुसरी वस्ती सांदवाडीत. येथे जूनअखेरीस बी टोचले जाते आणि वेल कुंपणावर, तुराट्यांवर किंवा मांडवावर चढविला जातो.

या दोन रीतींतील फरक केवळ सवयीचा नाही. वाळूचा पृष्ठभाग पाणी धरत नाही. वरचा थर कोरडा व मुळांजवळचा थर ओला, अशी ती आदर्श रचना असते. शिवाय तो हंगाम बिनपावसाचा असतो. त्यामुळे फळ जमिनीला टेकले तरी ते कोरड्या पृष्ठभागावर टेकते. याउलट सांदवाडीची माती कन्हार किंवा मोरंड असेल तर पावसाळ्यात तिचा वरचा थर आठवडेच्या आठवडे ओला राहतो. त्यावर पसरलेल्या वेलाची पाने चिखलाने माखतात, फळाची जमिनीकडील बाजू फिकट व पिवळी पडते आणि तेथूनच कूज सुरू होते. वाळूतला वेल जमिनीवर का ठेवला जातो आणि सांदवाडीतला का उचलला जातो, याचे उत्तर असे मातीत आणि हंगामात आहे.

या दोहोंपैकी पहिली वस्ती आता मर्यादित झाली आहे. पवनी तालुक्यातील गोसीखुर्द येथील इंदिरासागर प्रकल्पाचे भूमिपूजन १९८८ मध्ये झाले. धरणात पाणी साठू लागल्यावर पात्राचा जो भाग जलाशयाखाली गेला, तेथे वाळूतील लागवडीला जागा राहिली नाही. सिंचनाचा लाभ आणि वाळूवाडीचा ऱ्हास या दोन्ही गोष्टी एकाच प्रकल्पाच्या आहेत. त्यामुळे सांदवाडीतील काकडीचे महत्त्व वाढले आहे, असे म्हणता येईल.

प्रतानाची रचना आणि आधाराची निवड

काकडीचे खोड स्वतःच्या बळावर उभे राहू शकत नाही. निसर्गाने तिला त्याऐवजी प्रताने, म्हणजे बोलभाषेतील तणावे, दिले आहेत. हवेत चाचपडणाऱ्या तणाव्याचे टोक एखाद्या वस्तूला लागले की ते तिच्याभोवती वेढे घेते. त्यानंतर तणाव्याचा मधला भाग मळसूत्रासारखा आवळतो आणि वेल आधाराकडे ओढला जातो. दोन्ही टोके बांधलेली असल्याने तणावा एकाच दिशेने पीळ घेऊ शकत नाही. म्हणून अर्धे वेढे उजवीकडे व अर्धे डावीकडे पडतात आणि मध्ये एक सरळ तुकडा राहतो. कोणताही तणावा हातात घेऊन पाहिल्यास ही रचना साध्या डोळ्यांना दिसते.

चार्ल्स डार्विन यांनी १८६५ मध्ये आरोही वनस्पतींवरील आपल्या प्रबंधात या हालचालींचा तपशीलवार विचार केला. तो १८७५ मध्ये स्वतंत्र ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. पुढे २०१२ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात एल. महादेवन व त्यांच्या सहकाऱ्यांनी काकडीच्याच तणाव्याचा अभ्यास करून या वेटोळ्याचे कारण दाखवून दिले. तणाव्याच्या आत विशिष्ट तंतुपेशींची दोन थरांची एक पट्टी असते. एका बाजूच्या पेशी अधिक लिग्निनयुक्त होऊन आकसतात आणि पट्टी वळते. पक्व तणावा ओढला असता उलगडण्याऐवजी प्रथम अधिकच वेढे घेतो, असेही त्यांना आढळले. परिणामी हलक्या झुळकीला तो सैल राहतो आणि जोराच्या झटक्याला घट्ट होतो. वाऱ्यात वेल तुटत नाही याचे हे कारण आहे.

या विवेचनातून एक व्यावहारिक सूत्र निघते. तणावा बारीक वस्तूलाच वेढा घालू शकतो. मनगटाएवढ्या जाड बांबूला किंवा गुळगुळीत लोखंडी नळीला तो पकडू शकत नाही. म्हणूनच केवळ चार बांबू रोवून वेल चढत नाही. त्यांच्यामध्ये सुतळी, तार, जाळी किंवा काटक्या असाव्या लागतात. धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर तूर घेण्याची या भागात पद्धत आहे. तुरीच्या काढणीनंतर उरणाऱ्या तुराट्या, त्यांच्या बारीक फांद्यांमुळे, या कामासाठी अत्यंत योग्य ठरतात. त्या वेलाला टोचून देणाऱ्या गृहिणीला तणाव्याचे शास्त्र अनुभवाने अवगत असते.

मांडव आणि ताटी

वेलवर्गीय भाज्यांसाठी महाराष्ट्रात आधाराचे दोन प्रकार रूढ आहेत. मांडवात वेल डोक्यावर आडवा पसरतो. ताटीत तो भिंतीसारखा उभा राहतो. दोडका, दुधी भोपळा व वाल यांना मांडव मानवतो. काकडीसाठी, विशेषतः लहान वाडीत, ताटी अधिक सोयीची आहे. मांडवाखालची संपूर्ण जमीन सावलीत जाते आणि पावसाळ्यात त्याखालची हवा कोंदट राहते. ताटीत पानांचा थर पातळ असतो, दोन्ही बाजूंनी हवा खेळते आणि फळ हाताच्या उंचीवर दिसते.

जागेचा हिशेब साधा आहे. जमिनीवर पसरणाऱ्या वेलाला दीड मीटर गुणिले ६० सेंटिमीटर, म्हणजे ०.९ चौरस मीटर जागा धरली तर सात वेलांना ६.३ चौरस मीटर लागते. तीन मीटर लांब व ६० सेंटिमीटर रुंद वाफ्यावर ताटी उभारून ४५ सेंटिमीटर अंतराने तेच सात वेल लावले तर १.८ चौरस मीटर पुरते. जमिनीची गरज साडेतीन पटींनी कमी होते. मात्र यावरून उत्पन्न साडेतीन पट होईल, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. वेल तितकेच आहेत. त्यांना लागणारे पाणी, अन्नद्रव्ये व प्रकाश तितकाच आहे. मोकळी होते ती जमीन. तिच्यावर पालेभाजी किंवा मिरची घेता येते, हा खरा लाभ होय.

ताटीची दिशा हा दुसरा मुद्दा. भंडारा शहर सुमारे २१ अंश १० कला उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या शेवटच्या आठवड्यात आणि जुलैच्या मध्यास मध्यान्हीचा सूर्य येथे जवळपास डोक्यावर येतो आणि या दोन तारखांच्या दरम्यान तो किंचित उत्तरेकडे असतो. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात पूर्व-पश्चिम उभारलेल्या दोन मीटर उंच ताटीची मध्यान्हीची सावली उत्तरेकडे केवळ ३० सेंटिमीटर पडते. तीच ताटी डिसेंबरअखेर जवळजवळ दोन मीटर लांब सावली टाकते. म्हणजे पावसाळी ताटी वाडीत कोठेही उभारली तरी दुपारी शेजारच्या वाफ्यांचे फारसे नुकसान होत नाही. हिवाळ्यात मात्र ती वाडीच्या उत्तर कडेलाच असावी. शक्य असेल तेथे दक्षिणोत्तर दिशा उत्तम. अशा ताटीच्या पूर्व बाजूस सकाळचे व पश्चिम बाजूस दुपारनंतरचे ऊन मिळते आणि रात्रीचे दव सूर्योदयानंतर लवकर वाळते. या शेवटच्या गोष्टीचे महत्त्व पुढे स्पष्ट होईल.

भाराचा विचार आणि उभारणी

ताटी कोसळण्याचे कारण फळांचे वजन असावे, असा सर्वसाधारण समज आहे. हिशेब वेगळे सांगतो. पावसाने भिजलेल्या एका वेलाचे फळांसह वजन चार किलो धरले तरी सात वेलांचा भार २८ किलो होतो आणि तो खाली, खांबांच्या दिशेने काम करतो. वाऱ्याचा दाब मात्र आडवा असतो. ताशी ५४ किलोमीटर वेगाच्या झंझावातात प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे १३५ न्यूटन दाब पडतो. तीन मीटर लांब व दोन मीटर उंच ताटीचा अर्धा भाग पानांनी भरलेला आहे असे मानले तरी तिच्यावर सुमारे ४० किलो वजनाइतका आडवा रेटा येतो. पावसाने माती सैल झालेली असतानाच असा वारा सुटतो. म्हणून ताटीची खरी परीक्षा वाऱ्याची असते.

त्यानुसार उभारणी करावी. अडीच मीटर उंचीचे तीन बांबू दीड-दीड मीटरवर, किमान ५० ते ६० सेंटिमीटर खोल रोवावेत. जमिनीत जाणाऱ्या टोकाला डांबर लावल्यास ते कुजण्यास वेळ लागतो. दोन्ही टोकांच्या खांबांना खुंट्या ठोकून तिरपे ताण द्यावेत. वरच्या टोकाला एक आडवा बांबू घट्ट बांधावा. त्याखाली ४०-४५ सेंटिमीटर अंतराने गंजरोधक तार किंवा जाड सुतळीच्या आडव्या ओळी घ्याव्यात आणि प्रत्येक वेलाजवळून एक उभी सुतळी सोडावी. दोन ताट्या वर जुळवून घराच्या छपरासारखा त्रिकोणी आकार केल्यास वाऱ्याला अधिक स्थैर्य मिळते व आतील सावलीत कोथिंबिरीसारखी पालेभाजी तग धरते. बी पेरण्यापूर्वीच ताटी उभी असावी. वेल वाढल्यावर खांब रोवताना मुळे तुटतात.

लागवड आणि वेलाला वळण

पावसाळी लागवडीसाठी वाफा जमिनीपासून १५ ते २० सेंटिमीटर उंच असणे कन्हार जमिनीत अपरिहार्य आहे. बर्डी जमीन पाणी लवकर सोडते. तेथे उंची कमी चालेल, पण शेणखत अधिक द्यावे लागेल. प्रत्येक चौरस मीटरला दोन ते तीन किलो कुजलेले शेणखत मिसळावे. काकडीसाठी हेक्टरी १०० किलो नत्राची शिफारस केली जाते. आपल्या १.८ चौरस मीटरच्या वाफ्यासाठी हे प्रमाण १८ ग्रॅम नत्र, म्हणजे सुमारे ४० ग्रॅम युरिया इतके अल्प होते. ते अर्धे लागवडीच्या वेळी व अर्धे महिन्याने द्यावे. सांदवाडीत मूठभर खत टाकण्याच्या सवयीने हे प्रमाण सहज ओलांडले जाते आणि मग वेल हिरवागार दिसतो, पण फळ धरत नाही.

वाणांपैकी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा ‘शीतल’ हा वाण जास्त पावसाच्या भागासाठी शिफारस केलेला आहे. पेरणीपासून सुमारे ४५ दिवसांत त्याची काढणी सुरू होते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा ‘हिमांगी’ पांढरट फळांचा आहे, तर आखूड फळांचा ‘पूना खिरा’ उन्हाळी हंगामासाठी ओळखला जातो. घरचे बी राखून ठेवण्याची प्रथाही या भागात आहे. संकरित वाणाचे बी मात्र पुढील वर्षी तसेच उगवेल अशी अपेक्षा ठेवता येत नाही. स्थानिक मार्गदर्शनासाठी साकोली येथील कृषी विज्ञान केंद्र जिल्ह्यातच उपलब्ध आहे.

वेल पाच-सहा पानांचा झाला की तो सुतळीला सैल बांधावा. गाठ इंग्रजी आठच्या आकाराची घ्यावी, म्हणजे खोड जाड झाल्यावर काचत नाही. जमिनीपासून पहिल्या ४५ ते ६० सेंटिमीटरपर्यंत फुटणाऱ्या बगलफुटी काढून टाकाव्यात. त्यामुळे खालून हवा खेळते आणि पावसाचे शिंतोडे पानांवर येत नाहीत. शेंडा ताटीच्या वर पोहोचल्यावर खुडावा, म्हणजे वरच्या बगलफुटी वाढून त्यांवर फळे येतात.

पानांवरील ओलावा आणि केवडा

पावसाळी काकडीचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे केवडा हा रोग. स्युडोपेरोनोस्पोरा क्युबेन्सिस या सूक्ष्मजीवामुळे तो होतो. क्युबातील नमुन्यावरून १८६८ मध्ये त्याचे प्रथम वर्णन झाले, म्हणून नावात त्या बेटाचा उल्लेख आहे. पानाच्या वरच्या बाजूस शिरांनी मर्यादित झालेले पिवळे कोनीय ठिपके व खालच्या बाजूस करडी-जांभळट बुरशीसारखी वाढ ही त्याची लक्षणे होत. या जीवाचे बीजाणू वाऱ्याने येतात. त्यांना आपण अडवू शकत नाही. परंतु पानावर उतरलेल्या बीजाणूला आत शिरण्यासाठी पानाच्या पृष्ठभागावर काही तास सलग पाण्याचा थर हवा असतो. त्याआधीच पान वाळले तर संसर्ग टळतो.

ताटीचा सर्वांत मोठा लाभ येथे दिसतो. जमिनीवर पसरलेल्या वेलात पानांवर पाने पडून खालची हवा दमट राहते आणि पान दुपारपर्यंत ओले असते. ताटीवरील पान उभे, सुटे आणि वाऱ्यात असते. पावसाची सर थांबल्यावर ते लवकर निथळते. दक्षिणोत्तर ताटीला सकाळचे ऊन मिळून दवाचा कालावधीही घटतो. म्हणून ताटीचे मोल मोजताना पान किती तास ओले राहिले हेच खरे परिमाण मानावे लागेल. सलग आठ-दहा दिवसांच्या झडीत मात्र ताटीचाही इलाज चालत नाही. त्यामुळे रोगट पाने वेळीच खुडून वाडीबाहेर नेणे आवश्यक ठरते.

आधाराने न सुटणारे प्रश्न

काकडीच्या एकाच वेलावर नर व मादी फुले स्वतंत्रपणे येतात. प्रथम येणारी फुले बहुधा सर्व नर असतात. ती गळू लागली की वेल वांझ आहे, अशी शंका घेतली जाते व कधी तो उपटलाही जातो. मादी फूल ओळखण्याची खूण म्हणजे पाकळ्यांखालची चिमुकली काकडी. हे फूल सकाळी उमलते आणि त्याला जवळजवळ एकच दिवस मिळतो. त्या अवधीत मधमाश्यांच्या अनेक भेटी व्हाव्या लागतात. परागकण अपुरे पडले तर फळ एका टोकाला बारीक, वाकडे राहते किंवा गळते. वाकड्या फळाला नेहमीच खताची उणीव कारणीभूत नसते. आधीच झडीच्या दिवसांत मधमाश्या बाहेर पडत नाहीत, त्यात सकाळी कीटकनाशक फवारले तर उरलेली संधीही जाते. फवारणी अटळच असेल तर ती संध्याकाळी करावी. पावसाळी सकाळी ताजे नर फूल खुडून, त्याच्या पाकळ्या काढून, मादी फुलाच्या कुक्षीवर हलकेच फिरविल्यास हाताने परागीभवन साधते. ताटीमुळे फुले डोळ्यांसमोर असतात, एवढीच मदत ती येथे करते. शेडनेटसाठीचे परागीभवनाविना फळ धरणारे वाण वेगळे आहेत. त्यांचा अनुभव देशी वाणांना लागू करू नये.

फळमाशी हा दुसरा प्रश्न. ती कोवळ्या फळात अंडी घालते, अळ्या आत गर खातात आणि कोष जमिनीत जातात. फळ लोंबते की टेकते याने तिला फारसा फरक पडत नाही. किडलेली फळे रोज वेचून खोल पुरणे आणि क्यू ल्युअरचा सापळा लावणे हे उपाय वेगळे करावेच लागतात. ती फळे वाडीच्या कोपऱ्यात फेकणे म्हणजे पुढच्या पिढीचे संगोपन करण्यासारखे आहे.

तिसरा प्रश्न पाण्याचा. उन्हाळ्यात भंडाऱ्याचे तापमान ४४-४५ अंश सेल्सिअसपर्यंत जाते. अशा वेळी ताटीवर चारही बाजूंनी उष्ण वारा झेलणारा वेल जमिनीवरील वेलापेक्षा अधिक पाणी बाष्परूपाने गमावतो आणि त्याच्या मुळांवर स्वतःच्या पानांची सावलीही नसते. पाण्याचा ताण पडलेल्या वेलाच्या फळात कुकुर्बिटॅसिन या द्रव्याचे प्रमाण वाढून ते कडू होऊ शकते. त्यामुळे उन्हाळ्यात ताटी करायचीच असेल तर वाफ्यावर धानाच्या तणसाचे आच्छादन, रोजचे पाणी आणि पश्चिमेकडून सावली या तिन्ही गोष्टी हव्यात. अन्यथा त्या हंगामात वेल जमिनीवर पसरू देणारी डांगरवाडीची रीतच अधिक शहाणपणाची आहे.

शेवटचा मुद्दा काढणीचा. कोवळी फळे दर दोन दिवसांनी काढावीत. एक फळ बियाण्यासाठी पिकवायला सोडले तर वेलाची शक्ती त्याकडे वळते व नवी फळे धरणे मंदावते. बियाण्यासाठी एक वेगळाच वेल राखावा.

निष्कर्ष

ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचे अन्न न खाता घरच्या वाडीतील भाज्यांवर दिवस काढण्याची प्रथा महाराष्ट्रात आहे. जूनअखेरीस टोचलेली काकडी नेमकी त्याच सुमारास भरात असते. नांगराविना, हाताने कसलेल्या जमिनीच्या तुकड्याला आपल्या परंपरेने दिलेला हा मान आहे. त्या तुकड्याचे आजचे क्षेत्र पाहता, त्यात काय आणि कसे वाढवावे याचा विचार शास्त्रीय पायावर होणे अगत्याचे वाटते.

प्रस्तुत विवेचनातून पुढील बाबी स्पष्ट होतात. एक, ताटी पद्धतीचे समर्थन केवळ जागेच्या बचतीवर करणे अपुरे आहे. भंडाऱ्यासारख्या जास्त पावसाच्या, चिकण मातीच्या प्रदेशात पान व फळ ओलाव्यापासून दूर ठेवणे हे तिचे मुख्य कार्य आहे. दोन, हीच पद्धत उन्हाळ्यात तितकी लाभदायक नाही. म्हणून ती हंगाम पाहूनच स्वीकारावी. तीन, परागीभवन, फळमाशी व पाणी यांची जबाबदारी ताटी उभारल्यानेही टळत नाही.

२०१९ मध्ये केंद्र शासनाने शाळांतील पोषण परसबागांसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. महाविद्यालयांनाही या दिशेने सहज पाऊल टाकता येईल. एकाच वाणाचे सात वेल जमिनीवर व सात ताटीवर लावून विद्यार्थ्यांनी रोज सकाळी तीनच नोंदी घ्याव्यात : पाने किती वाजता वाळली, किती मादी फुले उमलली आणि किती फळे निरोगी उतरली. राष्ट्रीय सेवा योजनेच्या एका गटाला एका पावसाळ्यात पूर्ण करता येईल असा हा प्रयोग आहे. त्यातून हाती येणारे आकडे आपल्याच मातीचे असतील आणि आजवर कोणत्याही अहवालात न आलेल्या सांदवाडीची ती पहिली नोंद ठरू शकेल.